एसपीएमचं डिझाइन: हातातल्या जॉबपासून ग्राहकाच्या शॉप फ्लोअरपर्यंत

मेकॅनिकल डिझाइनमध्ये येऊ पाहणारी मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सॉलिडवर्क्स शिकू, क्रिओ शिकू की एनएक्स? यातलं कुठलंही एक डिझाइन सॉफ्टवेअर नीट शिका. मन लावून केलं तर तीन-चार महिन्यांत हात बसतो. वर्षं लागतात ती दुसऱ्याच गोष्टीला. मशीनबद्दल आधी काय ठरवायचं आणि कशाला हात नंतर लावायचा, हा क्रम अंगात मुरायला वेळ जातो. तो क्रम चुकला की मॉडेल कितीही देखणं असो, असेंब्लीत फिटर ग्राइंडर घेऊन उभा राहतो.

हा लेख त्या क्रमाबद्दल आहे, आणि पुण्यात राहून तो कसा शिकता येईल याबद्दलही. बोलायला सोपं जावं म्हणून एकच मशीन धरून चालतो. दुचाकीच्या एका ॲल्युमिनियम हाउसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवायचा आहे. त्यासाठी एसपीएम, म्हणजे एका ठरावीक कामासाठी आणि एका ठरावीक ग्राहकासाठी बनणारं मशीन, उभं करायचं आहे. भोसरी, चिंचवड, चाकण पट्ट्यात अशा मशीनची मागणी सतत असते, आणि डिझायनरला त्यातून सगळं शिकायला मिळतं.

पहिलं काम: जॉब हातात घ्या

ग्राहक बहुधा जॉबचं, म्हणजे ज्या पार्टवर काम करायचं त्याचं, एक थ्रीडी मॉडेल आणि एक चकचकीत नमुना पाठवतो. त्यावर थांबू नका. वेगवेगळ्या लॉटमधले वीस-तीस जॉब मागून घ्या आणि स्वतः मोजा. व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज ही साधनं डिझायनरच्या हाताला सवयीची हवीत. डाय-कास्टिंगच्या जॉबवर पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांचा सांधा) कुठे आहे, फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेली धातूची पातळ कड) कुठे राहतो, इजेक्टर पिनच्या खुणा कुठे उठतात, हे मॉडेलमध्ये दिसत नाही. तुम्ही ज्या जागेवर रेस्ट पॅड ठेवणार, नेमकी तीच जागा खडबडीत असू शकते.

मग ड्रॉइंगवर डेटम, म्हणजे मापांचे संदर्भ पृष्ठभाग, शोधा. पार्टच्या डिझायनरनं कोणत्या पृष्ठभागावरून मापं दिली आहेत, आधीच्या ऑपरेशनला जॉब कशावर पकडला होता, पुढच्या ऑपरेशनला कशावर पकडणार? शक्य असेल तिथे तुमचं लोकेशनही तेच ठेवा. डेटम बदलला की आधीच्या ऑपरेशनची चूक तुमच्या मशीनच्या नावावर जमा होते आणि ट्रायलच्या दिवशी वाद सुरू होतो.

त्यानंतर आजची पद्धत बघायला जा. बहुतेक ठिकाणी ते काम हँड प्रेसवर किंवा एखाद्या जुन्या हायड्रॉलिक प्रेसवर चालूच असतं. शिफ्ट बदलताना तिथे उभे राहा आणि ऑपरेटरशी बोला. कोणता जॉब अडकतो, कोणता बुश तिरका जातो, दिवसाच्या शेवटी हात कुठे दुखतो, हे त्याला किंवा तिला पक्कं ठाऊक असतं. प्रॉडक्शन मॅनेजरच्या मेलमध्ये यातलं काहीच नसतं. जॉब तेलकट येतो का, चिप्स चिकटून येतात का, ट्रॉलीतून येतो की बिनमधून, हेही तिथेच टिपून घ्या.

दुसरं: आकडे कागदावर आणा

ग्राहक म्हणतो, महिन्याला १,२०,००० नग हवेत. या वाक्याचं सेकंदांत रूपांतर करणं तुमचं काम. महिन्याचे २५ दिवस, रोज दोन शिफ्ट, प्रत्येकीत प्रत्यक्ष कामाचे साडेसात तास, म्हणजे ३७५ तास. त्याचे १३,५०,००० सेकंद होतात. एका नगाला आले ११.२५ सेकंद. मशीन शंभर टक्के वेळ चालत नाही. ८५ टक्के धरले तर हातात उरतात साधारण साडेनऊ सेकंद.

आता टाइम चार्ट मांडा. तयार जॉब काढून नवा जॉब आणि बुश ठेवायला ४ सेकंद, क्लॅम्प ०.४, स्लाइड (जॉब आत-बाहेर नेणारा सरकता भाग) आत ०.६, प्रेसिंग १.८, रॅम (दाबणारा दांडा) वर ०.५, स्लाइड बाहेर ०.६, डीक्लॅम्प ०.४. बेरीज ८.३ सेकंद. म्हणजे बसतंय. पण या यादीतला सर्वांत मोठा आकडा माणसाचा आहे. नवखा डिझायनर इथे स्लाइड वेगवान करायला जातो, महागडा सर्व्हो (जागा आणि वेग नेमका सांभाळणारी मोटर) घालतो आणि ०.२ सेकंद वाचवतो. जॉबचा ट्रे हाताच्या अंतरावर आणला, बुश उजव्या हाताला योग्य तोंडानं येईल अशी चूट दिली, तर त्याहून कितीतरी जास्त वेळ जवळजवळ फुकटात वाचतो.

सायकल टाइमबरोबर बाकीची माहितीही लेखी घ्या: हवेचा दाब, वीजपुरवठा, मशीनला मिळणारी जागा, पीएलसी (मशीनचा क्रम चालवणारा कंट्रोलर) कोणत्या मेकची हवी, रंग कोणता, उत्पादनाची किती मॉडेल्स या मशीनवर चालणार आणि पुढच्या वर्षी आणखी कोणतं येणार आहे का. मशीन परदेशी जाणार असेल तर साध्या कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २.२८ मीटर आणि रुंदी सुमारे २.३४ मीटर असते, हे आत्ताच लक्षात घ्या. फ्रेम तयार झाल्यावर हा शोध लागला तर ती कापावी लागते.

"ऑटोमॅटिक पाहिजे" हे स्पेसिफिकेशन नाही. काय ऑटोमॅटिक, लोडिंगही का, खराब जॉब कोण बाजूला काढणार, हे विचारा. उत्तरं लिहा आणि ग्राहकाची सही घ्या. ही सही पुढे सहा महिने तुमच्या आणि त्याच्या संबंधांचं रक्षण करते.

तिसरं: जॉब कुठे टेकणार

कॉन्सेप्टचं पहिलं स्केच फिक्श्चरचं (जॉब धरून ठेवणाऱ्या साधनाचं) असावं, फ्रेमचं नव्हे. तीन-दोन-एकचा नियम सगळ्यांना कॉलेजात शिकवतात. सर्वांत मोठ्या पृष्ठभागावर तीन टेकू, बाजूला दोन, टोकाला एक, म्हणजे जॉबच्या सहाही हालचाली बांधल्या जातात. आपल्या हाउसिंगला एक मशिन केलेला फेस आणि दोन भोकं आहेत, म्हणून फेस पॅडवर टेकवायचा, एका भोकात गोल पिन आणि दुसऱ्यात डायमंड पिन (दोन बाजूंनी कापलेली पिन). डायमंड पिनची कापलेली बाजू दोन पिनांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेनं असावी, म्हणजे भोकांमधल्या अंतराचा फरक ती सामावून घेते आणि जॉबचं फिरणं मात्र अडवते. ती नव्वद अंशात फिरवून बसवली की तिचा काहीच उपयोग नाही, आणि अशी बसवलेली पिन शॉपमध्ये बघायला मिळते.

इथे टॉलरन्सचं (मापात चालणाऱ्या फरकाचं) गणित करायलाच हवं. २० मिमीचं भोक एच७ म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन. पिन जी६ म्हणजे उणे ७ ते उणे २० मायक्रॉन. दोघांत फट कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन. जॉब एवढा हलू शकतो. बुशच्या जागेची टॉलरन्स याहून कडक असेल तर पिनवर भरवसा ठेवून चालणार नाही. मग बोअरमध्येच गाइड होणारी पायलट पिन द्या, किंवा फिक्श्चर थोडं तरंगतं ठेवा, म्हणजे बुश आपलं केंद्र स्वतः शोधेल.

पॅड लहान आणि उंच ठेवा, त्यावर चिप बसू नये. क्लॅम्प नेहमी पॅडच्या बरोबर वर यावा. दोन पॅडच्या मध्ये दाबला की पातळ ॲल्युमिनियम वाकतं आणि क्लॅम्प सुटला की माप बदलतं. लोकेटिंग पिन ईएन ३१ स्टीलची, ५८ ते ६० एचआरसीपर्यंत (एचआरसी हे कठीणपणाचं माप) हार्ड केलेली, आणि बदलता येईल अशी हवी. पिन मागून ठोकून काढायला आरपार भोक किंवा ओढायला आटे ठेवा. पिन झिजणारच आहे, आणि ती बदलायला रात्रपाळीत मेंटेनन्सचा माणूस येणार आहे. त्याच्यासाठी ठेवलेलं ते भोक हेही डिझाइनच आहे.

चौथं: बळ कुठून येतं आणि कुठे जातं

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवावा, कारण मशीन किती चांगलं होणार हे इथेच ठरतं.

बुश २४ मिमी बाहेरच्या व्यासाचा, फिट एच७-एस६ धरू. भोक शून्य ते अधिक २१ मायक्रॉन, बुश अधिक ३५ ते अधिक ४८ मायक्रॉन. इंटरफिअरन्स, म्हणजे बुश भोकापेक्षा जितका मोठा तो फरक, कमीत कमी १४, जास्तीत जास्त ४८ मायक्रॉन. दोन्ही पार्ट ड्रॉइंगप्रमाणे अगदी बरोबर असताना इंटरफिअरन्स तिपटीहून अधिक बदलतो, आणि प्रेसिंगचं बळही साधारण त्याच प्रमाणात. ग्राहक सांगतो, "आमच्या प्रेसवर पाचशे किलोत बसतो". तो कोणत्या जॉबवर बसला, हा प्रश्न विचारा. हिशेबानं वरची मर्यादा १२ किलोन्यूटन आली तर खालची साडेतीनच्या आसपास येते. मशीनला दोन्ही टोकं झेपायला हवीत.

हे बळ द्यायचं कशानं? हवेवर? कारखान्यात गेज ६ बार दाखवतो, पण सगळी लाइन चालू असताना दाब ५ वर येतो, कधी त्याखालीही. ५ बारला एका चौरस मिलिमीटरवर अर्धा न्यूटन मिळतो. १२,००० न्यूटनसाठी २४,००० चौरस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १७५ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). बाजारात पुढचं प्रमाणित माप २०० मिमी. एवढा सिलिंडर हवा भरपूर पितो, सावकाश चालतो, आणि बुश अचानक सरकला की झटका देतो. म्हणून इथे हायड्रोन्यूमॅटिक (हवेचा दाब तेलाच्या मदतीनं वाढवणारा) सिलिंडर किंवा सर्व्हो प्रेस. नुसतं दाबायचं असेल तर पहिला पुरेसा आहे. बळ आणि अंतर यांचा आलेख प्रत्येक जॉबमागे साठवायचा असेल, आणि आता वाहन उद्योगातले ग्राहक तो मागतात, तर लोडसेल (बळ मोजणारा) आणि एन्कोडर (अंतर मोजणारा) लागतोच. सर्व्हो प्रेसचा खर्च तिथे वसूल होतो. आलेखाची खालची मर्यादाही तितकीच महत्त्वाची. बळ फारच कमी लागलं याचा अर्थ बुश सैल आहे, आणि तो जॉब पुढे जाता कामा नये.

आता बळाचा मागोवा घ्या. कागदावर मशीनचं उभं छेदचित्र काढा आणि लाल पेन्सिलीनं रेघ ओढा: सिलिंडर, रॅम, बुश, जॉब, पॅड, फिक्श्चर, बेस, खांब, वरची प्लेट आणि पुन्हा सिलिंडर. ही साखळी बंद झाली पाहिजे आणि जमेल तितकी आखूड, सरळ असली पाहिजे. ज्या कड्या या साखळीत नकोत त्याही दिसतात. आपला जॉब स्लाइडवर बसून आत जातो. लिनिअर गाइडवरून (स्लाइडला सरळ चालवणारी रेल् आणि बॉलची जोडी) १२ किलोन्यूटन खाली जाऊ दिले तर काही महिन्यांत गाइडच्या बॉलचे ठसे रेल्वर उमटतील. उपाय जुना आणि उत्तम आहे: फिक्श्चरची प्लेट स्प्रिंगवर अर्धा मिलिमीटर तरंगती ठेवा. रॅमचा दाब आला की ती खाली बसते आणि खालच्या हार्ड केलेल्या ब्लॉकवर टेकते. भार ब्लॉकमधून सरळ बेसमध्ये जातो, रेल्वर फक्त फिक्श्चर आणि जॉबचं वजन.

फ्रेम सी आकाराची की चार खांबांची? सी फ्रेम तीन बाजूंनी मोकळी, लोडिंगला सोयीची. पण भार आला की तिचं तोंड उघडतं आणि रॅम किंचित तिरका होतो. तेवढ्यात बुशची कड ॲल्युमिनियम ओरबाडते. अचूक प्रेसिंगला चार खांब घ्या, वाकल्या तरी प्लेट समान वाकतात. सी फ्रेमच हवी असेल तर ताकद तपासून थांबू नका. ती तुटणार नाही हे उघड आहे, ती किती वाकते ते तपासा. प्लेटची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. जाडजूड, जड फ्रेम म्हणजे ताठ फ्रेम, ही समजूत या एका हिशेबानं दूर होते. आणि वेल्ड केलेली फ्रेम मशिनिंगला पाठवण्याआधी स्ट्रेस रिलीव्ह (तापवून आतले ताण मोकळे) करून घ्या. वेळ नाही म्हणून ही पायरी गाळली तर मशिन केलेले पृष्ठभाग नंतर हळूहळू सरकतात आणि अलाइनमेंट का टिकत नाही ते कुणालाच कळत नाही.

पाचवं: हालचाल

बळाचा प्रश्न सुटला की हालचाल त्यामानानं सोपी असते. स्लाइडला ०.६ सेकंदात ३०० मिमी जायचं आहे. एक तृतीयांश वेळ वेग वाढवायला, एक तृतीयांश एकसमान, एक तृतीयांश थांबायला धरला तर कमाल वेग सेकंदाला ७५० मिमी आणि प्रवेग ३.७५ मीटर प्रति सेकंद वर्ग. २० किलोचा भार हलवायला ७५ न्यूटन, अधिक घर्षण. हे काहीच नाही. दोनच थांबे आहेत, तेव्हा शॉक ॲब्झॉर्बर लावलेला न्यूमॅटिक सिलिंडर आणि दोन्ही टोकांना कडक स्टॉपर पुरे. सर्व्हो तिथे घाला जिथे तीन किंवा अधिक थांबे आहेत किंवा मॉडेलप्रमाणे जागा बदलते.

दोन रेल् असतील तर एकच रेल् संदर्भ म्हणून कडेला टेकवा, दुसरी पहिलीच्या मागे सेट होऊ द्या. दोन्हींना कडा दिल्या की त्या एकमेकींशी भांडतात. बेअरिंगचंही तेच: एक बाजू बांधलेली, दुसरी सरकायला मोकळी. तापमान विसरू नका. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमधल्या तापमानात सहज २० अंशांहून जास्त फरक पडतो. २ मीटरची स्टीलची प्लेट २० अंशांना सुमारे ०.४८ मिमी वाढते, तेवढीच ॲल्युमिनियमची ०.९२ मिमी. दोन्ही डॉवेलनं (जागा पक्की करणाऱ्या पिनांनी) एकत्र जखडल्या तर काहीतरी वाकणार.

सहावं: मशीनपाशी उभा राहणारा माणूस

सुरक्षेचा विचार शेवटी गार्ड लावून करायचा नसतो. आयएसओ १२१०० या मानकानं सांगितलेला क्रम पाठ असू द्या: आधी धोकाच डिझाइनमधून काढून टाका, जो उरेल त्याला गार्ड किंवा सेन्सर द्या, आणि इशाऱ्याच्या पाट्या सगळ्यात शेवटी. आपल्या मशीनमध्ये स्लाइड बाहेर येते म्हणून हात रॅमखाली जायचं कारणच राहत नाही. हा पहिल्या पायरीचा उपाय झाला.

पुढे लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा. तो किती अंतरावर लावायचा हे मोजून ठरवतात. हात सेकंदाला २ मीटर वेगानं येतो असं धरतात. कर्टन तुटल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे सेन्सर, रिले, व्हॉल्व्ह सगळं धरून, ०.२ सेकंद लागत असतील तर कमीत कमी ४०० मिमी अंतर हवं, आणि कर्टनच्या किरणांमधली फट मोठी असेल तर त्याहून जास्त. २०० मिमीवर लावलेला कर्टन दिसायला सुरक्षित दिसतो, हात मात्र वाचवत नाही. आणि तो थांबण्याचा वेळ कॅटलॉगमधून नको, तयार मशीनवर मोजा.

कामाची उंची मिलिमीटरमध्ये ठरवताना कोण काम करणार ते विचारा. अनेक असेंब्ली लाइनवर आज मुली काम करतात आणि उंच पुरुषाला धरून बनवलेल्या टेबलावर त्यांना आठ तास खांदे उचलून काम करावं लागतं. पायाखाली उंची बदलणारा प्लॅटफॉर्म द्या, साधी गोष्ट आहे. खराब जॉबसाठी कुलूप असलेला लाल बिन द्या, जॉब त्यात पडल्याचं सेन्सरनं कळल्याशिवाय पुढची सायकल सुरू होऊ देऊ नका.

मेंटेनन्ससाठी प्रत्येक सेन्सर, सिलिंडर, ग्रीस निपलजवळ हात आणि पाना पोचतो का, मॉडेलमध्ये पान्याचा आकार ठेवून बघा. एक सेन्सर बदलायला सगळं गार्डिंग उतरवावं लागत असेल तर पहिल्याच ब्रेकडाउनला कुणीतरी तो सेन्सर बायपास करेल.

सातवं: ड्रॉइंग

मॉडेल सगळ्यांना आवडतं, ड्रॉइंग करायचा मात्र कंटाळा. पण व्हेंडरकडे मॉडेल जात नाही, ड्रॉइंग जातं, आणि तुमची इज्जत तिथे ठरते. एकच सांगणं: प्रत्येक कडक टॉलरन्सचं कारण तुम्हाला तोंडी सांगता आलं पाहिजे. डॉवेलचं भोक एच७ का? कारण दोन प्लेट परत तशाच बसायला हव्यात. बोल्टचं क्लिअरन्स भोक मात्र मोकळं असू द्या, अलाइनमेंट हे बोल्टचं काम नाही. सगळ्याच मापांना दोन शतांशाची टॉलरन्स देणाऱ्याचं ड्रॉइंग व्हेंडर बघतो, किंमत तिप्पट सांगतो, आणि जिथे खरंच गरज होती तिथेही दुर्लक्ष करतो.

मटेरियल आणि ट्रीटमेंट एकमेकांशी जुळवून लिहा. माइल्ड स्टीलवर "५८ एचआरसी" लिहिलेलं ड्रॉइंग हीट ट्रीटमेंटवाल्याकडून परत येतं. शाफ्टला ईएन ८ किंवा ईएन २४, झिजणाऱ्या प्लेटला ओएचएनएस (टूल स्टील), लोकेटरला ईएन ३१, जॉबला ओरखडा नको तिथे डेल्रिन (प्लास्टिक), एवढ्या यादीवर बरीच मशीनं होतात. पावसाळ्यात मशिन केलेली प्लेट दोन दिवसांत गंजते, म्हणून ब्लॅकोडायझिंग की हार्ड क्रोम ते ड्रॉइंगवरच लिहा.

बाजारातून घ्यायच्या वस्तूंची यादी ड्रॉइंगच्या आधी खरेदीसाठी पाठवा. लिनिअर गाइड, सर्व्हो, सेफ्टी रिले यांना आठवडे लागतात, आणि प्लेट तयार असून मशीन त्यांच्यासाठी थांबतं.

आठवं: असेंब्ली, ट्रायल, डिस्पॅच

असेंब्ली सुरू झाली की रोज खाली जा. फिटर जिथे फाइल मारतोय, जिथे शिम (पातळ पत्र्याची चकती) घालतोय, तिथे थांबून विचारा आणि ड्रॉइंगच्या प्रिंटवर लाल पेननं नोंदवा. त्या लाल खुणा मॉडेलमध्ये दुरुस्त झाल्याशिवाय प्रोजेक्ट बंद करू नका. नाहीतर पुढच्या वर्षी त्याच मशीनची दुसरी ऑर्डर येते आणि तोच फिटर तीच फाइल काढतो.

पहिल्यांदा मशीन चालवताना वीज आणि हवा लगेच देऊ नका. स्लाइड हातानं सरकवा, रॅमला डायल लावून फिक्श्चरशी चौकोनीपणा तपासा. मग कमी दाबावर, जॉबशिवाय. मग एक जॉब. मग ग्राहकानं पाठवलेले जॉब, त्यात मुद्दाम मर्यादेच्या दोन्ही टोकांचे. उलटा बुश, बुशशिवाय जॉब, चुकीचं मॉडेल, अर्धवट बसलेला जॉब हे सगळं स्वतः घालून बघा. मशीननं प्रत्येक वेळी थांबून ऑपरेटरला समजेल अशा मराठीत किंवा हिंदीत पडद्यावर कारण सांगावं. "फॉल्ट १७" वाचून कुणाला काय कळणार?

ग्राहक प्री-डिस्पॅच तपासणीला आला की सलग काही तास मशीन चालवून दाखवा, सायकल टाइम त्याच्या घड्याळावर मोजू द्या. मशीन त्याच्याकडे बसल्यावर पहिल्या आठवड्यात डिझायनरनं तिथे असणं मी आवश्यक मानतो, आणि दोन-तीन महिन्यांनी परत जाणंही. तेव्हा कोणता गार्ड काढून ठेवलाय, कोणत्या पिनवर घासल्याची चमक आहे, ऑपरेटरनं कुठे पुठ्ठा लावून ठेवलाय, हे दिसतं. त्या पुठ्ठ्याच्या जागी पुढच्या मशीनमध्ये काय हवं ते लगेच कळतं.

आणि हे सगळं शिकायचं कुठे

पुण्यासारखं गाव या कामाला दुसरं शोधावं लागेल. १८५४ पासूनचं अभियांत्रिकी कॉलेज, १९४६ पासून खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवड आणि भोसरीत वाढलेले कारखाने, मग चाकण, रांजणगाव, तळेगाव. त्यांच्या आजूबाजूला हजारो लहान शॉप. भोसरीत एका दुपारी तुम्ही व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), वायरकट (विजेच्या ठिणग्यांनी तारेनं कापणारं मशीन), सिलिंड्रिकल ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंग सगळं चालत जाऊन बघू शकता. फक्त तिथली साप्ताहिक सुट्टी बहुतेक ठिकाणी गुरुवारी असते, तेव्हा रविवारी जायला हरकत नाही.

डिप्लोमा असो की डिग्री, पहिली नोकरी निवडताना पगारातला थोडा फरक सोडून एक गोष्ट बघा: डिझाइन ऑफिस आणि असेंब्ली एकाच छताखाली आहे का. मोठ्या कंपनीत शिस्त, मानकं, रिव्ह्यूची पद्धत शिकायला मिळते, पण पाच वर्षं एकाच ब्रॅकेटवर जाऊ शकतात. नुसत्या डिझाइन सर्व्हिसच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा हात तयार होतो, मशीन मात्र डोळ्यांनी दिसत नाही. तीस-चाळीस माणसांच्या एसपीएम बनवणाऱ्या शॉपमध्ये धावपळ आणि डेडलाइनचा त्रास असतो, पण चौकशीपासून डिस्पॅचपर्यंत सगळं समोर घडतं. सुरुवातीला मी तिसरं सुचवेन. ॲप्रेंटिसशिपचं एक वर्ष टूलरूममध्ये मिळत असेल तर ते डोळे झाकून घ्या.

पहिली दोन-तीन वर्षं डिटेलिंगची, म्हणजे एकेका पार्टचं ड्रॉइंग करण्याची. कंटाळवाणं वाटतं, पण फिट, टॉलरन्स, मटेरियल यांचा अंदाज यातूनच येतो. त्याच काळात एक वही ठेवा. मशीनचं नाव, ठोकळ स्केच, काय चाललं, काय बदलावं लागलं, किती किमतीला पडलं. ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा मॉडेल घरी नेऊ नका. ते तुमचं नाही, आणि मुलाखतीत दुसऱ्याची ड्रॉइंग दाखवणाऱ्याला शहाणा मालक घेत नाही. विचार मात्र तुमचाच असतो, तो कोरा कागद घेऊन हातानं काढून दाखवता आला पाहिजे. चांगल्या मुलाखतीत तेच करायला सांगतात.

त्यानंतर एखादं फिक्श्चर, एखादं स्टेशन स्वतंत्रपणे मागून घ्या. सोबत शेजारच्या टेबलवरचं शिका: सेन्सर पीएनपी की एनपीएन (जोडणीचे दोन प्रकार), पीएलसीचा क्रम कसा लिहितात, पॅनेलला किती जागा लागते. कोटेशन बनवणाऱ्याजवळ बसा. किलोमागे फॅब्रिकेशन, तासामागे मशिनिंग आणि बाजारातून घ्यायच्या वस्तू यांचा हिशेब ज्याला येतो त्याच्या कॉन्सेप्टला मीटिंगमध्ये वजन येतं. पूर्ण मशीनचा कॉन्सेप्ट मांडायला आणि ग्राहकासमोर उभं राहायला सर्वसाधारणपणे सहा-सात वर्षांचं काम पाठीशी असावं लागतं. घाई केली तर होतं, पण मग शिक्षण ग्राहकाच्या पैशानं चालतं.

स्वतंत्र काम सुरू करायचं असेल तर करारात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. ड्रॉइंग मंजूर झाल्यानंतर ग्राहकानं बदल मागितला तर त्याचे वेगळे पैसे. असेंब्ली आणि ट्रायलला हजर राहण्याचे दिवस किती आणि त्याचा मोबदला. आणि पैशांचे टप्पे: कॉन्सेप्ट मंजुरी, ड्रॉइंग सुपूर्त, शेवटचा हप्ता ट्रायलनंतर. ट्रायलचा हप्ता छोटा असला तरी कराराबाहेर टाकू नका. तो असला की शॉपवाला ट्रायलच्या दिवशी तुम्हाला बोलावतो, आणि तुम्ही जाता.